नक्कल मिळाली

शिरूर कोर्टाच्या बाररूममध्ये कुणाची निंदा सुरू झाली, की भालेराव वकील हातातला कप बशीत ठेवत आणि विचारत, "त्यांना नक्कल दिली का?"

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा विनोद वाटे. कोर्टात एका बाजूने अर्ज दिला, की त्याची नक्कल दुसऱ्या बाजूला द्यावी लागते. दुसरी बाजू मूळ कागदावर 'नक्कल मिळाली' असं लिहून सही करते. मग न्यायाधीश म्हणतात, से द्या. 'से' म्हणजे म्हणणं. इंग्रज गेले तरी त्यांचा हा एवढासा शब्द तालुका कोर्टांत राहून गेला. हे सगळं कागदापुरतं असतं असं आम्ही बाकीचे समजत होतो. भालेराव वकिलांनी ते आयुष्याला लावलं होतं. समोर हजर नसलेल्या माणसाबद्दल ते काही बोलत नसत. वाईट नाही आणि चांगलंही नाही. बारचे अध्यक्ष एकदा बदली होऊन गेलेल्या न्यायाधीशांची तोंड भरून स्तुती करत होते, तेव्हाही यांचा कप बशीत गेला.

"स्तुतीलाबी नक्कल लागती, अध्यक्ष. त्यांना ती मान्य हाय का न्हाई, आपल्याला काय ठाऊक?"

"अहो, मग बाररूममध्ये बोलायचं तरी काय?" अध्यक्ष वैतागून म्हणाले.

"चहा हाय की," भालेराव म्हणाले आणि कप उचलला.

माणूस भित्रा होता. हे मी त्यांच्या तोंडावर बोललेली आहे, म्हणून इथे लिहिते. राहायला दौंडला, तिथल्या रेल्वे दवाखान्यात त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, नर्स होत्या आणि त्यांच्या नावावर क्वार्टर होतं. वकिली शिरूरला. रोजची एस.टी. चुकेल या भीतीने ते तिच्या आधीची एस.टी. पकडत आणि कोर्टाचं कुलूप निघायच्या आत पायरीवर येऊन बसत. पिशवीत प्रत्येक कागदाचे तीन संच असायचे. चौथा घरी. कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून बोलताना त्यांना घाम फुटे. कोर्टात उभे राहिले की पहिलं वाक्य थरथरायचं, दुसऱ्या वाक्याला आवाज जमिनीला लागून पक्का व्हायचा. नवे वकील त्या पहिल्या वाक्याला हसत आणि दुसऱ्यानंतर हसायचं थांबवत.

मी मूळची केंदूरची. पुण्यातून एलएल.बी. करून शिरूरला आले, तेव्हा मुलीला ज्युनियर म्हणून घेणं म्हणजे तिला तारखा घ्यायला आणि टायपिस्टवर नजर ठेवायला बसवणं, अशी इथल्या बहुतेक सीनियरांची समजूत होती. भालेरावांनी पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात एक दावा दिला. माझे वडील गावच्या सोसायटीचे संचालक. त्यांच्या बैठकीतल्या लोकांनी विचारलं, "भालेरावाकडं? दुसरं कोण घावलं न्हाई व्हय?" या प्रश्नाचा अर्थ आमच्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. भालेराव दौंडच्या बौद्धवस्तीत वाढलेले; त्यांचे वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे मजूर. वडिलांनी उत्तर दिलं, "वकिली शिकायचीय. सोयरीक न्हाई करायची." हे उत्तर पुढारलेलं होतं की मागासलेलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी ते भालेरावांना जसंच्या तसं सांगितलं, कारण तोपर्यंत त्यांची सवय मला लागली होती. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "निम्मं मान्य."

कोर्टाच्या आवारात ते मला 'अहो वकीलबाई' म्हणत. आवाराच्या फाटकाबाहेर पाय पडला, की 'जयश्री' आणि 'तू'.

मांडवगण फराट्याचा बांधाचा एक दावा होता. समोरच्या साक्षीदाराने शपथेवर सांगितलं होतं, की संध्याकाळी आपल्या शेतातून त्याने आमच्या अशिलाला बांध फोडताना पाहिलं. मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं, की चष्म्याशिवाय त्याला अंगणातला लिंबही नीट दिसत नाही आणि चष्मा त्या दिवशी घरी होता. तिथे मी बसायला हवं होतं. पण मला चेव आला होता. मी विचारलं, "मग बांध यांनीच फोडला, हे कशावरून सांगता?" म्हातारा म्हणाला, "आवो बाई, फोडायच्या आधी येऊन मलाच इचारलं ना, कुदळ हाय का म्हणून. आवाज वळखत न्हाई व्हय मी?" सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशही.

एस.टी. स्टँडवर भालेरावांनी मला उसाचा रस पाजला आणि एवढंच म्हणाले, "जिथं जिंकलो तिथं उभं राहायचं न्हाई. बसायचं."

अमेरिकेची गोष्ट शिक्रापूरहून आली. तिथे लेथ मशिनवर सुटे भाग करून देणारे आमचे एक अशील होते. एका मोठ्या कारखान्याने त्यांचा माल घेणं अचानक बंद केलं म्हणून आम्ही दावा लावला. समोरच्या पुण्याच्या वकिलांनी इंग्रजी कराराचं शेवटचं पान पुढे केलं. कारखान्याची मूळ कंपनी अमेरिकेतली. कराराला अमेरिकेतल्या एका राज्याचा कायदा लागू होईल, असं त्यावर बारीक अक्षरात होतं आणि खाली आमच्या अशिलाची सही. त्या राज्याचा कायदा काय आहे, हे शिरूरच्या कोर्टात कुणालाच माहीत नव्हतं. आम्हाला तडजोड करावी लागली, आणि ती काही चांगली नव्हती. अशील बाहेर आले आणि मला म्हणाले, "मॅडम, ते गाव कुठं हाय, जिथला कायदा मला लागला?"

त्या दिवशी भालेराव एस.टी.त चढता चढता थांबले, मागे ढकलणाऱ्यांची बोलणी खाल्ली आणि मला म्हणाले, "एकानं जाऊन तो कायदा बघून आलं पाहिजे." मला वाटलं ते सर्वसाधारण बोलतायत. ते माझ्याबद्दल बोलत होते.

एलएल.एम.ला अर्ज करायचा, हे घरी सांगितलं तेव्हा वडिलांनी बराच वेळ तंबाखू मळली. "एकदा कर," ते म्हणाले. "ह्या साली झालं तर झालं. न्हाई झालं तर पुढल्या उन्हाळ्यात लगीन. दुसरा अर्ज न्हाई." सोसायटीत अर्ज मंजूर-नामंजूर करणारा माणूस तो, त्यांच्या बोलण्यावर अपील नसे. म्हणजे माझ्याकडे एक अर्ज होता. एकच.

नव्या शतकाची पहिली वर्षं होती. शिरूरच्या सायबर कॅफेत एकेक पान उघडायला चहा पिऊन होईल इतका वेळ लागे. जिथे हिवाळ्यात तळी गोठतात अशा भागातलं एक विद्यापीठ मी निवडलं, कारण तिथे करार आणि व्यापाराचा कायदा चांगला शिकवतात असं लिहिलं होतं. परदेशातली कायद्याची पदवी असणाऱ्यांनी गुणपत्रक मोहोरबंद पाकिटात पाठवावं, इंग्रजीची परीक्षा द्यावी, स्वतःबद्दल दोन पानं लिहावीत आणि दोन शिफारसपत्रं जोडावीत. मला एलएल.बी.ला सत्तावन्न टक्के होते. आमच्याकडे कायद्याला सत्तावन्न म्हणजे बरे. तिकडे ते नापासासारखे दिसतील, या धास्तीने भालेरावांनी स्वतःचं प्रतिज्ञापत्र केलं. 'मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो, की आमच्या परीक्षकांचा हात साठाच्या वर सहसा जात नाही.' नोटरीपुढे सही, वर लाल शिक्का. असं काही कुणी मागितलं नव्हतं. "न मागता दिलेलं बरं," ते म्हणाले. "मागितल्यावर घाई होती."

पहिलं शिफारसपत्र मी माझ्या जुन्या कॉलेजच्या प्राचार्यांकडून आणलं. त्यांच्या काचेच्या टेबलामागे कारकून बसे आणि कारकुनाकडे पत्र तयार असे; त्यात फक्त नाव घालायचं. त्या पत्रानुसार मी अभ्यासू, विनयशील आणि खेळाडू वृत्तीची होते. प्राचार्यांनी माझ्याकडे न बघता सही केली.

दुसरं पत्र भालेरावांचं. ते त्यांनी एका रविवारी दौंडच्या घरी बोलावून माझ्या हातात दिलं. दोन प्रती होत्या. एक पुढे करून म्हणाले, "ही तुझी."

पत्र दाव्यासारखं परिच्छेदांना आकडे घालून लिहिलेलं. पहिल्यात ते मला किती वर्षं ओळखतात. दुसऱ्यात माझं काम: कोणते दावे, कुठे मेहनत घेतली, कुठे त्यांना स्वतःला न दिसलेला मुद्दा मी काढला. तिसऱ्यात लिहिलं होतं, की ही बरोबर असते तेव्हा चटकन चिडते, चुकते तेव्हा ते तिला उशिरा कळतं आणि जिंकल्यानंतर ही खाली बसत नाही. खाली बांधाच्या दाव्यातला तो म्हातारा, कुदळीसकट.

"सर, हे असं कुणी लिहितं का?"

"खोटं हाय का?"

"खोटं नाही."

"मग मूळ प्रतीवर लिही."

माझं सगळं लक्ष त्या तिसऱ्या परिच्छेदात होतं. हात सवयीने चालला. रोज कोर्टात पाच ठिकाणी करायचो तसं मी मूळ पत्राच्या समासात इंग्रजीत लिहिलं, 'नक्कल मिळाली', आणि खाली सही. "से?" त्यांनी विचारलं. मी लिहिलं, 'परिच्छेद तीन नाकबूल. बाकी मान्य.' ते मनापासून हसले. स्वयंपाकघरातून काकी म्हणाल्या, "कोर्ट उठलं असंल तर जेवायला या." भालेरावांनी पाकिटावर लाख लावली, लाखेवर शिक्का, शिक्क्यावर सही आणि दुसऱ्या दिवशी ते स्वतः पुण्याला जाऊन कुरियरवाल्याच्या हातात देऊन आले. पावतीच्या तीन झेरॉक्स.

यात एक गोष्ट आम्हा दोघांनाही दिसली नव्हती. माझ्या मुख्य अर्जात एक चौकोन होता. शिफारसपत्रं बघण्याचा हक्क मी सोडत आहे, असं त्याच्या पुढे लिहिलेलं. पुण्यातला सल्लागार म्हणाला होता, सगळे सोडतात. सोडला नाही तर पत्राला किंमत राहत नाही. मी सायबर कॅफेत बसून चौकोनात खूण केली होती आणि विसरून गेले होते. ते पान भालेरावांपुढे कधी आलंच नव्हतं.

मधल्या काळात केंदूरला माझा सत्कार झाला. सोसायटीची निवडणूक तोंडावर होती. माझ्या प्रवेशाच्या निकालापर्यंत थांबणं सत्काराला परवडणारं नव्हतं. देवळापुढे मांडव, लाउडस्पीकर, मागे कापडी फलक: 'अमेरिकेतील विद्यापीठात निवड झाल्याबद्दल'. मी वडिलांना म्हणाले, "निवड झालेली नाही." ते म्हणाले, "हुईल की. फलक रंगवून झालाय." शाल, नारळ, फेटा. तीन वक्त्यांनी मी देशाचं नाव सातासमुद्रापार नेल्याचं सांगितलं. मग माझे गुरू म्हणून भालेराव वकिलांना बोलायला उभं केलं. ते माईकपासून हातभर लांब उभे राहिले आणि त्यांचा आवाज थरथरला.

"जयश्रीची निवड झालेली न्हाई, अर्ज प्रलंबित हाय." दुसऱ्या वाक्याला आवाज जमिनीला लागला. "नामंजूर झाला, तर आज आलेल्यांनी ही शाल परत मागू नये, एवढीच विनंती."

लोक हसले. वडील हसले नाहीत. त्या दिवसापासून मात्र गावात कुणी भेटलं की विचारू लागलं, "काय, तारीख लागली का?"

विद्यापीठाची ई-मेल आली ती अशी: आपण पत्रं बघण्याचा हक्क सोडला आहे. एका पत्रावर मात्र आपली सही आणि अभिप्राय आहे. कृपया खुलासा करावा, किंवा दुसरं गोपनीय पत्र पाठवावं. मुदत जवळ आली होती. एकच अर्ज, आणि त्यात मी स्वतःच्या हाताने स्वतःविरुद्ध पुरावा दाखल केला होता.

बाररूममध्ये बातमी गेलीच. एक जण म्हणाला, कळव की सही दुसऱ्या कागदावर करायची होती. दुसरा म्हणाला, कळव की ती तुझी सहीच नाही. अध्यक्षांनी आपलं सोनेरी अक्षरांचं लेटरहेड काढलं. "काळजी करू नका. मी देतो पत्र. एकदम गोपनीय. तुम्ही फक्त मजकूर लिहून आणा."

भालेरावांना मी फाटकाबाहेर गाठून सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. रसवंतीच्या बाकावर बसून त्यांनी दोन पेले पाणी प्यायलं. "माझ्यामुळं तुझं गेलं का गं?" पुन्हा एकदा तेच. मग म्हणाले, "माझं पत्र काढून घे. अध्यक्षांचं लाव. त्येंना मोठं नाव हाय." थोड्या वेळाने त्यांनी हात पुढे केला. "तो अर्ज दाखव."

ते पान त्यांनी कायदा वाचावा तसं वाचलं. बोट चौकोनावर थांबलं.

"हितं लिहिलंय, हक्क सोडू शकता. सोडलाच पाहिजे असं न्हाई लिहिलेलं. तू सोडलास का?"

"सगळे सोडतात, सर."

"बदल्यात काय मिळालं?"

मी पान उलटून पाहिलं; मागे काही नव्हतं.

"जयश्री," ते म्हणाले, "हक्क मिळायला काय लागतं, ते तुझ्या घरात ठाऊक नसंल. माझ्या घरात ठाऊक हाय. सोडायच्या आधी इचारायचं, बदल्यात काय." एवढं बोलून त्यांना बहुतेक आपण जास्त बोललो असं वाटलं. पेला उगाच फिरवत म्हणाले, "पण अर्ज तुझा हाय. मला भ्या वाटतं म्हणून तू थांबू नको. आन् माझा मान राखायला माझं पत्र ठेवू नको. गेलं तर तुझं साल जाईल, माझं न्हाई."

मला रात्रभर विचार करावा लागला, असं लिहायला आवडलं असतं. रसवंतीतच ठरलं. प्राचार्यांच्या पत्रातली खेळाडू मुलगी मला ओळखू येत नव्हती. अध्यक्षांच्या पत्रात मी स्वतःच लिहिलेली मी असणार होते. त्या सगळ्या गठ्ठ्यात माझ्याबद्दलचा कागद एकच होता. मी विद्यापीठाला लिहिलं, की चौकोनातली खूण मी मागे घेते, हक्क राखून ठेवते आणि ते पत्र तसंच राहू द्यावं. भालेरावांनी खाली पुरवणी जोडली: आमच्याकडे ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला नक्कल देण्याची पद्धत आहे, सही ती मिळाल्याची आहे. पुण्याच्या सल्लागाराला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "मॅडम, आता पुढच्या वर्षीचं बघू." पुढचं वर्ष नव्हतं, हे त्याला माहीत नव्हतं.

उत्तर आलं, की प्रवेश समितीतल्या एक बाई पत्र लिहिणाऱ्यांशी फोनवर बोलू इच्छितात. दिवस आणि वेळ दिली होती, आपल्याकडची संध्याकाळ. मधले दिवस भालेरावांनी कसे काढले, ते मला काकींनी सांगितलं. घरी आले की आधी रिसीव्हर उचलून कानाला लावत. आवाज येतोय ना. मग टेलिफोन कचेरीत जाऊन लाइन तपासायची विनंती देऊन आले. अर्जाची पोच घेऊन.

त्या संध्याकाळी मी दौंडला गेले तर ते काळा कोट घालून बसलेले.

"आवो, कोट कशाला?" काकी म्हणाल्या. "त्या बाईला दिसतंय व्हय?"

"मला दिसतंय ना."

फोन आतल्या खोलीत तिपाईवर होता. मला बाहेर बसवलं, मध्ये पडदा. काकी आत. बाहेर यार्डात शंटिंग चाललं होतं. डबा डब्याला लागला की खिडकीची काच वाजायची आणि मला वाटायचं, या आवाजात त्यांना प्रश्न ऐकू आला नाही तर? घंटा वाजली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ते उभे राहिले होते, कोर्टात राहतात तसे. मी पहिल्या वाक्याची वाट बघत होते. थरथरणाऱ्या.

ते थरथरलं नाही. त्यांच्या ठाशीव कोर्टी इंग्रजीत ते म्हणाले, होय, सही तिचीच आहे. होय, तिने वाचलं आहे. थोडं थांबून: कारण पत्र तिच्याबद्दल आहे.

मग बराच वेळ पलीकडच्या बाई बोलत असाव्यात. यार्डात इंजिनाने शिटी दिली. मी देवाला मानत नाही, पण त्या शिटीवर मी मनापासून चिडले.

"तिला वाचायला मिळणार म्हणून मी काही हातचं राखलं का, असं आपण विचारता," ते म्हणाले. "बाईसाहेब, परिच्छेद तीन वाचावा. तो राखून लिहिलेला वाटतो का?"

पलीकडे बहुधा हसणं झालं, कारण यांचाही आवाज थोडा सैल झाला. आणखी एक प्रश्न आला. आणखी काही सांगायचंय का, असा असावा.

"एक गोष्ट लिहायची राहिली," ते म्हणाले. "आता सांगतो. ती पडद्याच्या पलीकडं बसली आहे, तिला ऐकू जातं आहे. जिंकल्यावर ही बसत नाही, हे मी दोष म्हणून लिहिलं. मी सगळी वकिली वेळेवर खाली बसत आलो. भीती वाटते म्हणून बसत आलो. तुमच्याकडे ही कायदा शिकेल. पण फार बसायला शिकली, तर मला ते चालणार नाही. हे रेकॉर्डवर घ्यावं."

पडदा सरकवून ते बाहेर आले तेव्हा कोटाची पाठ भिजलेली होती. समोरच्या खुर्चीत बसले. "सगळं ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग नक्कल मिळाली."

"मिळाली, सर."

"से?"

मी म्हणाले, "से राखून ठेवते."

"ठेव," ते म्हणाले आणि काकींना विचारलं, "चहा हाय का?"

मला प्रवेश मिळाला. फीचा काही भाग विद्यापीठाने सोडला, बाकीचं बँकेने दिलं. वडिलांनी जुनाच फलक पुन्हा लावला. आता तो खरा होता. भालेरावांना ई-मेलची प्रिंट दाखवली, तेव्हा त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, "अट काय काय हाय?" निघायच्या दिवशी शिरूरच्या स्टँडवर आले ते माझ्या सगळ्या कागदांचा चौथा संच घेऊन. "विमानात बॅगा हरवत्यात म्हणं." तिथे पहिल्याच सत्रात एका प्राध्यापकांनी माझा मुद्दा मान्य केल्यावर मी आणखी एक प्रश्न विचारला आणि त्यांनी तो उलटवला. वर्ग हसला. मी उभीच राहिले आणि आणखी एक विचारला.

परत येऊन मी शिक्रापूरला ऑफिस टाकलं. लेथवाल्या अशिलांना ते गाव कुठे आहे हे नकाशावर दाखवलं. त्यांच्या पुढच्या करारांची शेवटची पानं मी सहीच्या आधी वाचते.

भालेराव वकील गेले ते दवाखान्यात, काकींच्या ओळखीच्या नर्सेसना आपल्यामुळे त्रास होतोय का असं विचारत. बारने शोकसभा घेतली. अध्यक्ष म्हणाले, "भालेराव म्हणजे निर्भीड सिंह. भीती हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता." मी आजूबाजूला पाहिलं. कप बशीत ठेवल्याचा आवाज कुठून आला नाही.

राखून ठेवलेला से मी हा असा उशिरा देते आहे. पण हे सगळं त्यांच्या पाठीमागे लिहिलेलं, आणि त्यांना नक्कल देता येत नाही. म्हणून छापायला देण्याआधी मी एक प्रत घेऊन दौंडला गेले. काकी निवृत्त झाल्यात, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. खिडकीशी बसून त्यांनी सगळं वाचलं. मध्ये दोनदा हसल्या, एकदा चष्मा पुसला.

"फोनचं चुकलंय तुझं," त्या म्हणाल्या.

"आवाज थरथरला नव्हता, काकी. मी ऐकत होते."

"आवाजाचं बरोबर हाय. तू भाईर व्हतीस. मी शेजारी व्हते ना." त्यांनी डावं मनगट उजव्या हाताने धरून दाखवलं, घट्ट. "घंटा वाजली तवा त्येंनी हात धरला, ते फोन ठेवल्यावर सोडला. दोन बांगड्या पिचल्या माझ्या. काच लागली तरी मी हूं का चूं केलं न्हाई. म्हनलं, बोलू दे आता."

मग त्यांनी पेन मागितलं आणि समासात सही केली.

"बाकी मान्य," त्या म्हणाल्या.